परतीची चिठ्ठी: ग्रामीण आरोग्यसेवकांचं जाळं विणायला सुरुवात कुठून करावी

रात्री अकराला एक परिचारिका बाळंतिणीला वरच्या रुग्णालयात पाठवते. रक्तस्राव थांबत नाही आणि मोठं रुग्णालय दोन तासांवर आहे. ती चिठ्ठी लिहिते, सलाइन लावते, सोबत कोण जाणार ते ठरवते आणि गाडीचे लाल दिवे वळणाआड जाईपर्यंत दारात उभी राहते. पुढे त्या बाईचं काय झालं, हे तिला कोणी कळवत नाही. महिन्याभराने लसीकरणाच्या दिवशी कोणीतरी सहज सांगतं, 'ती ना, वाचली. पण पिशवी काढावी लागली.' आपण केलं ते पुरेसं होतं का, अर्धा तास आधी पाठवलं असतं तर पिशवी वाचली असती का, हे प्रश्न तिच्याजवळच राहतात. त्यांची उत्तरं वरच्या रुग्णालयातल्या कागदांत आहेत, पण ते कागद तिच्यापर्यंत येत नाहीत.

ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, आरोग्य कार्यकर्त्या, औषध विक्रेते, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि रुग्णवाहिकेचे चालक यांना एकत्र बांधायचं म्हटलं की बहुतेक जण बैठक बोलावण्यापासून सुरुवात करतात. मग समिती होते, नाव ठरतं, फोटो निघतात आणि सहा महिन्यांत सगळं थंडावतं. माझ्या मते सुरुवात फार लहान जागेतून करायला हवी. ज्याने रुग्ण पाठवला त्याच्याकडे त्या रुग्णाची खबर परत यायला लागली, की जाळ्याचा पहिला धागा पडला. बाकीचं सगळं त्या धाग्याला धरून वाढतं.

हे काम कशासाठी, यावर फार शब्द खर्च करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातली जवळपास निम्मी लोकसंख्या ग्रामीण भागात राहते, पण तिच्या वाट्याला एकूण परिचारिकांपैकी ३८ टक्के आणि डॉक्टरांपैकी पाव हिश्शाहूनही कमी येतात. जिथे माणसंच कमी, तिथे आहेत त्यांनी एकेकटं काम करणं परवडणारं नाही. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यातही, सेवेचे वेगवेगळे स्तर एकमेकांना आधार देणाऱ्या संदर्भसेवेने, म्हणजे रुग्णाला एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे पाठवण्याच्या व्यवस्थेने, जोडलेले असावेत, असं स्पष्ट म्हटलं होतं. त्यातला 'एकमेकांना' हा शब्द महत्त्वाचा आहे. खालून वर रुग्ण जातात. वरून खाली काय येतं, हे आपण क्वचित विचारतो.

पहिली पायरी: एका रुग्णाच्या वाटेने चाला

कोणालाही फोन करण्याआधी गेल्या काही महिन्यांतला एक प्रसंग निवडा. त्यात तीन-चार ठिकाणं गुंतलेली असावीत आणि शेवट चांगला झालेला नसावा. मग त्या रुग्णाच्या घरापासून वाट धरा. कोणाला पहिल्यांदा काय दिसलं, निर्णय कोणी घेतला, गाडी कधी मिळाली, कोणत्या दारात किती वेळ गेला, हे सगळं घड्याळाच्या वेळेसह लिहून काढा. घरच्यांशी बोलताना आधी त्यांची परवानगी घ्या आणि 'उशीर का केलात?' हा प्रश्न चुकूनही विचारू नका. 'त्यानंतर काय झालं?' एवढंच विचारत राहा.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात तीन विलंबांची मांडणी केली. उपचार घ्यायचे हे ठरवण्यातला विलंब, रुग्णालयापर्यंत पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला विलंब. ही मांडणी इतर कोणत्याही तातडीच्या आजाराला तितकीच लागू पडते. तुमच्या कागदावरच्या वेळा या तीन खणांत टाका.

समजा, प्रसंग सर्पदंशाचा आहे. माणूस आधी गावातल्या जाणकाराकडे गेला, मग औषधाच्या दुकानात, मग जवळच्या दवाखान्यात. तिथून एका रुग्णालयात पाठवलं, पण तिथलं प्रतिविष संपलेलं होतं. म्हणून पुढच्या रुग्णालयात. अशी वाट कागदावर उतरली की एक गोष्ट ठळक दिसते. दवाखान्यातल्या डॉक्टरने वेळ न घालवता पुढे पाठवलं, पहिल्या रुग्णालयानेही औषध नाही म्हणून लगेच पुढे पाठवलं. दोघांनी आपापल्या परीने बरोबरच केलं होतं. प्रतिविष आज कुठे शिल्लक आहे, हे मात्र दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. रुग्ण हरवतो तो दोन केंद्रांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

जाळ्याचं पहिलं काम याच जागेतून निवडा, आणि एकच निवडा. नवख्या माणसाला सगळंच सुधारायचं असतं, ते मला समजतं, पण इथे स्वतःला आवरा. पहिला विषय असा हवा, ज्यात वेळेला किंमत आहे, एकापेक्षा जास्त केंद्रांची गरज आहे आणि निकाल थोड्या दिवसांत कळतो. सर्पदंश, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, जन्मतः न रडलेलं बाळ हे तसे विषय आहेत. मधुमेह किंवा रक्तदाबापासून सुरुवात केली तर वर्षभर राबूनही सगळ्यांना दाखवता येईल असं फारसं काही हाती लागत नाही, आणि माणसं दमतात. ते विषय महत्त्वाचे आहेतच, पण जाळं थोडं पक्कं झाल्यावर घ्यावेत.

दुसरी पायरी: यादी करा आणि ती खरी आहे का ते तपासा

आता रुग्ण प्रत्यक्षात ज्यांच्याकडे जातात त्या सगळ्यांची यादी करा. सरकारी केंद्रं आणि खासगी दवाखाने तर आलेच. शिवाय औषधाची दुकानं, रक्तपेढी, प्रयोगशाळा, क्ष-किरण केंद्र, दाया, रुग्णवाहिकेचे चालक आणि रात्री-अपरात्री स्वतःची गाडी काढणारा गावातला माणूसही. चालकांना आपण नेहमी विसरतो. कोणत्या रुग्णालयाचं कोणतं दार रात्री उघडं असतं आणि पावसात कोणता पूल पाण्याखाली जातो, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

नोंदणी नसताना औषधोपचार करणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न इथेच उभा राहतो. माझं मत स्पष्ट आहे. त्यांना उपचार करणारे सदस्य म्हणून जाळ्यात घेऊ नये, कारण त्याने त्यांच्या कामावर आपला शिक्का बसतो. पण रुग्ण आधी त्यांच्याकडे जात असेल तर त्यांच्याशी बोलणं टाळूही नये. धोक्याची लक्षणं कोणती, आणि ती दिसताच एक क्षण न दवडता कुठे पाठवायचं, एवढ्याच गोष्टीवर बोलावं.

प्रत्येक नावापुढे फोन नंबर लिहा आणि तो उचलला गेला नाही तर लावायचा दुसरा नंबरही. पाटीवरची वेळ बाजूला ठेवून माणूस खरोखर कधी असतो ते लिहा. तिथे दिवसा काय होतं आणि रात्री काय होतं, हे वेगवेगळं लिहा. शस्त्रक्रियागृह आहे पण भूल देणारे डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतात, तर बाकीचे पाच दिवस तिथे सिझेरियन होत नाही, हे यादीत दिसायला हवं. सर्पदंशासाठी यादी करत असाल तर 'प्रतिविष आहे' एवढं पुरत नाही. प्रतिविषाने तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी आहे का आणि श्वास मंदावला तर बॅगने श्वास देणारं कोणी आहे का, हेही विचारा.

यादी झाली की सगळ्यांना पूर्वकल्पना देऊन एका रात्री प्रत्येक नंबर लावून पाहा. काही नंबर बदललेले निघतील, काही वाजतच राहतील. खरी यादी त्या रात्रीनंतर तयार होते. वर तारीख टाका आणि दर तीन महिन्यांनी ती नव्याने तपासा. जुनी यादी भिंतीवर असणं धोक्याचं आहे, कारण माणूस तिच्यावर विसंबून चुकीच्या दिशेने गाडी पाठवतो.

तिसरी पायरी: बैठकीआधी एकेकाला भेटा

ही पायरी वेळखाऊ आहे आणि तिला पर्याय नाही. बैठकीत माणसं आपल्या पदाप्रमाणे बोलतात. एकट्याने भेटल्यावर ती आपल्या अडचणी सांगतात. प्रत्येकाकडे त्याच्या जागी जा, त्याची गर्दी ओसरायची वाट पाहा आणि दोनच प्रश्न विचारा. 'तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणत्या रुग्णांची तुम्हाला रात्री काळजी लागून राहते?' आणि 'आमच्याकडून पाठवलेल्या रुग्णांच्या बाबतीत आम्ही काय वेगळं केलं तर तुमचं काम सोपं होईल?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना मन घट्ट ठेवा. मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर सांगतील, की रुग्ण फार उशिरा येतात, चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही, आधी कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं हे लिहिलेलं नसतं. तिथे स्वतःची बाजू मांडायला जाऊ नका, वहीत उतरवून घ्या. खालच्या केंद्रातली परिचारिका सांगेल, की फोन केला तर आधी ओरडा बसतो, म्हणून फोन न करता सरळ गाडीत बसवणं तिला सोपं वाटतं. तेही उतरवून घ्या. या दोन तक्रारी एकाच दोरीची दोन टोकं आहेत. दोघांना एकत्र बसवण्याआधी ते तुमच्या ध्यानात आलेलं असलं पाहिजे.

लोक मागे का सरतात, हेही समजून घ्या. खासगी डॉक्टरांना रुग्ण कायमचा तुटण्याची भीती असते. पाठवलेला रुग्ण बरा होऊन पुढच्या तपासण्यांसाठी पुन्हा त्यांच्याकडेच येईल, अशी हमी मिळाली तर ती भीती बरीच कमी होते. परिचारिकांना आणि कार्यकर्त्यांना आपली चूक सगळ्यांसमोर येईल याची धास्ती असते. तज्ज्ञांना वाटतं की आपला फोन आता चोवीस तास वाजत राहणार. यातली एकही भीती खोटी नाही, आणि प्रत्येकीवर नियम करून तोडगा काढता येतो.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन द्यायचं नाही आणि घ्यायचं नाही, हे पहिल्याच भेटीत शांतपणे सांगून टाका. जिथे रुग्ण पाठवण्यामागे पैसा असतो तिथे कुठे पाठवायचं हे आजारावरून ठरत नाही, आणि असं जाळं रुग्णालाच अडकवतं. या अटीवर कोणी बाहेर राहिलं तर राहू द्या.

चौथी पायरी: चिठ्ठी, जाणारी आणि येणारी

जाणारी चिठ्ठी एका पानाची असावी आणि सगळ्या केंद्रांत सारखी असावी. रुग्णाचं नाव, वय, सोबतच्या नातेवाइकाचा फोन. कधीपासून काय होतंय. नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, शुद्धीची अवस्था, आणि हे सगळं किती वाजता मोजलं. कोणतं औषध, किती मात्रेत, कोणत्या मार्गाने, किती वाजता दिलं. का पाठवतोय. पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर. औषधाच्या वेळेचा रकाना मोठा ठेवा. तोच सर्वांत जास्त वेळा रिकामा राहतो आणि पुढच्या डॉक्टरला नेमका तोच हवा असतो.

त्याच कागदाचा खालचा भाग परतीच्या चिठ्ठीचा. फाडून वेगळा करता यावा म्हणून मध्ये टोचलेली रेघ असू द्या. त्यात चारच गोष्टी: निदान काय निघालं, काय केलं, आता घरी गेल्यावर कोणती काळजी आणि कोणती औषधं किती दिवस, आणि पाठवणाऱ्यासाठी एक ओळ. ही शेवटची ओळ माझ्या लेखी सर्वांत मोलाची आहे. 'तुम्ही दिलेल्या पहिल्या डोसमुळे झटके थांबलेले होते.' किंवा 'पुढच्या वेळी मूत्रनळी घालून पाठवा, मदत होईल.' दहा शब्दांची ओळ. ती वाचलेली परिचारिका पुढच्या रुग्णाला वेगळ्या हाताने सांभाळते.

परतीची चिठ्ठी कोणी भरायची, हे नाव घेऊन ठरवावं लागतं. 'रुग्णालय भरेल' असं ठरलं तर कोणीच भरत नाही. व्यस्त तज्ज्ञावर हा भार टाकू नका. घरी सोडतानाचे कागद जो कर्मचारी तयार करतो त्याच्याकडे हे काम द्या, आणि डॉक्टरांनी फक्त ती शेवटची ओळ लिहावी. चिठ्ठी रुग्णाच्या हाती द्या, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण कागद हरवतात. पाठवणाऱ्या केंद्राला फोनवरूनही तोच मजकूर कळवा. रुग्ण दगावला असेल तर चिठ्ठी पाठवू नका, फोन करा. ती बातमी ऐकणाऱ्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत.

शब्द सारखे असणं किती महत्त्वाचं, याचं एक सुंदर उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडतं. तिथली उडत्या डॉक्टरांची, म्हणजे विमानाने दूरच्या रुग्णांपर्यंत पोहोचणाऱ्या डॉक्टरांची, सेवा १९२८ मध्ये क्लोनकरी या गावातून सुरू झाली. आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने चालवायचा बिनतारी संच बनवला आणि दूरच्या वस्त्या डॉक्टरांशी बोलू लागल्या. पण बोलता येऊ लागलं तरी औषधांची अवघड नावं खरखरणाऱ्या आवाजात नीट कळणार कशी? पुढे १९४० च्या दशकात वस्त्यांवर एकसारख्या औषधपेट्या ठेवल्या गेल्या आणि त्यातल्या प्रत्येक औषधाला क्रमांक दिला. डॉक्टरने क्रमांक सांगायचा, समोरच्याने तीच बाटली उचलायची. तुमच्या जाळ्यातही असं काहीतरी सामाईक हवं: एकच तातडीची पेटी, तिच्यात ठरलेल्या जागी ठरलेली औषधं, भिंतीवर तोच तक्ता. बदलीवर दुसऱ्या केंद्रात गेलेल्या परिचारिकेचा हात अंधारातही त्याच कप्प्यात गेला पाहिजे.

फोनवर बोलण्याचीही एक ठरलेली रीत शिकून घ्या. ती मुळात अमेरिकेच्या आण्विक पाणबुड्यांवरच्या संवादातून आली आणि तिथल्याच एका आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयांसाठी घडवली. क्रम असा: आत्ता काय चाललंय, आधीची माहिती काय, मला काय वाटतं आणि मला तुमच्याकडून काय हवंय. ऐकायला असं:

'मी उपकेंद्रातून परिचारिका बोलतेय. बाळंतपणाला चाळीस मिनिटं झाली, रक्त थांबत नाही. तिसरी खेप, वार पूर्ण पडली आहे. नाडी १२४, बीपी ८६ वर ५०. पिशवी सैल लागतेय, ऑक्सिटोसिन दिलंय, मसाज चालू आहे. हिला रक्त लागेल असं मला वाटतं. गाडी दहा मिनिटांत निघतेय. तुमच्याकडे रक्त आणि भूल देणारे डॉक्टर आहेत का, ते आत्ता सांगा.'

अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळं सांगून होतं. तिसरी गोष्ट, म्हणजे 'मला काय वाटतं', कनिष्ठ माणसं गाळतात, कारण तसं बोलायची त्यांना सवय लागू दिलेली नसते. सरावात तिथेच थांबा आणि ते वाक्य पुन्हा म्हणवून घ्या. आणि वरच्या डॉक्टरांना सांगा, की हे वाक्य ऐकल्यावर पहिला शब्द रागाचा नसावा.

पाचवी पायरी: फोनवरचा गट

व्हॉट्सॲपचा गट पाच मिनिटांत होतो आणि म्हणूनच तो सर्वांत शेवटी करावा, भेटी झाल्यावर. पहिल्याच दिवशी नियम टाका. तातडीच्या वेळी गटावर लिहायचं नाही, फोन करायचा; संदेश वाचला जाईलच याची खात्री नसते. रुग्णाचं नाव, चेहरा, गावाचं नाव टाकायचं नाही. लहान गावात 'एकोणीस वर्षांची, अविवाहित, गरोदर' एवढ्यावरूनही माणूस ओळखला जातो. फोटो टाकायचा तर रुग्णाला विचारून, आणि जखमेपुरता. सणाच्या शुभेच्छा आणि फिरते संदेश नकोत. प्रश्न टाकणाऱ्याला पुढे काय झालं ते गटावर लिहिणं बंधनकारक. तिथेही तीच परतीची चिठ्ठी.

सहावी पायरी: ठरलेल्या दिवशी एकत्र बसा

जाळं टिकवतं ते शिकणं. या बाबतीत अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातला एक प्रयोग प्रत्येक नवख्याने समजून घ्यावा. संजीव अरोरा हे तिथल्या विद्यापीठातले यकृततज्ज्ञ. हेपॅटायटिस सी चे रुग्ण दूरवरून प्रवास करून येत आणि पहिल्या भेटीसाठी आठ महिने थांबत. रुग्णांना तज्ज्ञाकडे आणण्याऐवजी त्यांनी २००३ मध्ये गावोगावच्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना दर आठवड्याला दूरदृश्य बैठकीत जोडून घ्यायला सुरुवात केली. गावचा डॉक्टर आपला रुग्ण मांडायचा, तज्ज्ञ आणि इतर गावांचे डॉक्टर मिळून सल्ला द्यायचे, उपचार गावातच व्हायचे. २०११ मध्ये ४०७ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले होते, आणि या पद्धतीने उपचार देणाऱ्या दूरच्या केंद्रांमध्ये ५८.२ टक्के. प्रोजेक्ट एको या नावाने ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली.

यात नजरेत भरतं ते असं, की एका गावाच्या रुग्णावर दिलेला सल्ला बाकीची सगळी गावं ऐकत होती. तज्ज्ञाने एकाला खासगीत फोनवर सांगितलं असतं तर ते एकाच्याच कामी आलं असतं.

त्यासाठी भारी यंत्रणा लागतेच असं नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये उभ्या केलेल्या कामात गावातल्या बायाच आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या नियमाने एकत्र जमत आणि आपल्या गावात काय घडलं ते एकमेकींना सांगत शिकत. इंटरनेट नीट नसेल तर असंच एका जागी जमा. बैठकीची जागा दर वेळी बदला आणि कधीतरी सर्वांत दूरच्या उपकेंद्रात घ्या. तज्ज्ञांनी तो रस्ता एकदा स्वतः कापला पाहिजे. 'लवकर का नाही पाठवलं?' या प्रश्नाचं उत्तर त्यांना त्या प्रवासातच मिळेल.

दर पंधरा दिवसांनी एक तास पुरतो. दोन रुग्ण, प्रत्येकी वीस मिनिटं. उरलेल्या वेळात हाताने करायची एक छोटी गोष्ट: नवजात बाळाला बॅगने श्वास देणं, किंवा सर्पदंशातली वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग एकदा तिरकं करून पाहायचं. रक्त पातळच राहिलं तर विषाचा रक्तावर परिणाम झालेला आहे. प्लास्टिकची नळी चालत नाही. एवढं एकदा सगळ्यांच्या हाताखालून गेलं, की कुठल्याही दवाखान्यातून येणारा फोन नुसत्या घाबरलेल्या आवाजाचा राहत नाही, त्यात माहिती असते.

चर्चेत बोलण्याचा क्रम सांभाळा. रुग्ण मांडणाऱ्याने मांडल्यावर आधी कार्यकर्त्या आणि परिचारिका बोलतील, मग डॉक्टर, तज्ज्ञ सर्वांत शेवटी. तज्ज्ञ आधी बोलले की चर्चा तिथेच संपते. आणि रुग्ण मांडणाऱ्याला शेवटी लेखी सल्ला मिळाला पाहिजे, त्याच दिवशी. पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या दोन रुग्णांचं काय झालं इथून करायची.

सातवी पायरी: काही वाईट घडतं तेव्हा

ते घडणारच. एखादं बाळ दगावेल, एखादा फोन कोणी उचलणार नाही. जाळ्याची खरी परीक्षा त्या आठवड्यात होते. दोन दिवस जाऊ द्या, मग संबंधितांना आधी एकेकटं भेटा, नंतर एकत्र बसा. वेळापत्रक मांडा, जसं पहिल्या पायरीत मांडलं होतं. चर्चेत 'कोण' हा शब्द आला की 'कशामुळे' कडे वळवा. फोन उचलला गेला नाही, कारण ड्युटीचा फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत होता. मग चार्जर ड्युटीच्या टेबलापाशी आणा. इतका साधा निष्कर्षही खूप आहे. बैठकीतलं बाहेर जाणार नाही, हे आधी ठरलेलं असावं. मात्र नातेवाइकांपासून खरी माहिती लपवण्यासाठी किंवा कायद्याने जे कळवायचं असतं ते दडवण्यासाठी या गुप्ततेचा आडोसा घेऊ नये.

आणि ज्या परिचारिकेच्या हातात ते बाळ गेलं, तिला त्या रात्री कोणीतरी फोन करा. सल्ला नको, विश्लेषण नको. फक्त फोन.

कागद, पैसा आणि एक माणूस

सुरुवातीला लेखी करार एका पानाचा पुरे: कोण कोण आहोत, एका विषयावर काय करणार, चिठ्ठी आणि फोनचे नियम, माहितीची गोपनीयता, सहा महिन्यांनी पुन्हा बसू. नोंदणीकृत संस्था, बँक खातं, घटना या गोष्टी पैसा यायला लागेल तेव्हा बघाव्यात. आधी केल्या तर पदं कोणाला यावरच पहिलं भांडण होतं. अनुदानावर उभं राहिलेलं जाळं अनुदानाबरोबर बसतं, म्हणून चिठ्ठ्यांची छपाई आणि प्रवास एवढा खर्च आपसांत भागतो का, ते आधी पाहा. सरकारी केंद्रातल्या लोकांसाठी वरिष्ठांची परवानगी लेखी घ्या, तोंडी होकारावर राहू नका.

खर्च करायचाच तर एका समन्वयकावर करा. आठवड्यातले काही तास ज्याचं हेच काम आहे असा एक माणूस हवा. तो डॉक्टर असण्याची गरज नाही. बहुधा नसलेलाच बरा. फोन करणं, यादी ताजी ठेवणं, न आलेल्या चिठ्ठ्यांचा पाठपुरावा करणं, रुसलेल्याला भेटून येणं, हे त्याचं काम.

काय मोजायचं

तीनच आकडे. पाठवलेल्यांपैकी किती जणांची परतीची खबर आली. पाठवायचा निर्णय झाल्यापासून योग्य ठिकाणी उपचार सुरू होईपर्यंत किती वेळ गेला. आणि किती रुग्णांना एकाहून जास्त रुग्णालयांत फिरावं लागलं. पहिला आकडा सुरुवातीला फार कमी येईल. तो लपवू नका, भिंतीवर लावा. तो वाढताना दिसणं हेच सगळ्यांना पुढे खेचतं. बैठका किती झाल्या आणि किती लोक आले, याची नोंद ठेवा, पण तिच्यावर समाधान मानू नका.

बदली होते तेव्हा

ग्रामीण भागात माणसं बदलतात. कष्टाने जोडलेला डॉक्टर वर्षभरात निघून जातो आणि नवा माणूस आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून प्रत्येक केंद्रात एकाच्या जागी दोन जणांना जाळ्यात धरा, आणि त्यातला एक स्थानिक असू द्या. जाणाऱ्याने नव्या माणसाला सोबत घेऊन निदान दोन-तीन ठिकाणी प्रत्यक्ष भेट घालून द्यावी. यादीतला नंबर आणि ओळखीचा आवाज यांत फार अंतर असतं. एक जाड फाइल सोपवावी: ताजी यादी, कोऱ्या चिठ्ठ्या, कराराचं पान, गेल्या बैठकांतले लेखी सल्ले. आणि फाइलमध्ये सर्वांत वर, पाठवलेल्या पण ज्यांची खबर अजून यायची आहे अशा रुग्णांची नावं. नव्या माणसाने खुर्चीत बसल्यावर पहिले फोन त्या नावांसाठी करावेत.